आखाजीचा मॉर्निंग शो

नाना गेल्याचं मला पारोळ्याच्या स्टँडवर कळलं. जळगावहून धुळ्याला निघालो होतो, त्यांनाच भेटायला. त्यांना दवाखान्यात हलवल्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता, पण तपासलेले पेपर जमा करायचे होते म्हणून मी एक दिवस थांबलो… पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबते. कंडक्टर चहाला उतरला आणि माझा फोन वाजला. मावशीच्या शेजारच्या बाई होत्या. नाना पहाटे गेले, मावशी म्हणतात सावकाश या, एवढंच त्यांनी सांगितलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. त्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात झेरॉक्सची नऊ पानं होती. चार वर्षं ती तिथेच होती. ती नानांना वाचून दाखवायची म्हणून या चार वर्षांत मी चार-पाच वेळा तरी धुळ्याला गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी ती तशीच परत आणली. आता खरंच घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सुपडूनाना हे माझ्या मावशीचे यजमान. गाव सोनगीरच्या पलीकडचं, पण सारा जन्म धुळ्यात गेला. एका टॉकीजमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलं. मी कॉलेजसाठी धुळ्यात आलो तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पाच वर्षं राहिलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी आल्यावर मावशीने पुढच्या खोलीतली खाट मला दिली आणि नाना स्वतः खाली सतरंजीवर झोपू लागले. पाच वर्षांत त्याबद्दल एक शब्द कधी कुणी काढला नाही, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही, हे आज लिहिताना जाणवतं. नाना बुटके, रापलेले, उजव्या डोळ्याच्या कडेला कायमची सूज. ती कार्बनच्या उजेडाने आलेली. तेव्हाच्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून पडद्यावर उजेड टाकायचे. कांड्या जळत जायच्या, त्या सारख्या जवळ आणाव्या लागायच्या. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो, तो दिसताच दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही असा तो ठिपका. त्या एका ठिपक्यासाठी ऑपरेटरला सगळा सिनेमा डोळ्यांत तेल घालून बघावा लागायचा, तोही केबिनच्या छोट्या झरोक्यातून, आणि जवळजवळ आवाजाविना. कारण केबिनमध्ये मशीनची घरघर एवढी असायची की संवाद ऐकू येणं कठीणच होतं.

मी धुळ्यात येण्याच्या बऱ्याच आधी एक जुना, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा त्या टॉकीजला आला होता. भुसावळच्या ज्या वितरकाकडून तो आला त्याचं दुकान पुढे बंद पडलं, आणि प्रिंट परत न्यायला कुणी आलंच नाही. रिळांच्या पेट्या टॉकीजच्या जिन्याखाली पडून राहिल्या. सिनेमाचं मूळ नाव मी इथे लिहीत नाही, कारण धुळ्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला 'मायना पिच्चर' म्हणायचे, म्हणजे आईचा सिनेमा. हे नाव नानांमुळे पडलं. इंग्रजी कळत नाही म्हणून पहिल्याच खेळाला लोक ओरडायला लागले, तेव्हा नानांनी केबिनमधला माईक हातात घेतला. हरवलेल्या छत्रीची किंवा चुकलेल्या मुलाची घोषणा करायला तो माईक असे. त्यावरून ते अहिराणीत गोष्ट सांगू लागले. आपलं बोलणं ऐकू जावं म्हणून त्यांनी सिनेमाचा आवाज पार खाली आणला. मग दरवर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हा खेळ लागायचा तो फक्त बायांसाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, पुरणपोळी झाली की दुसऱ्या सकाळी आईला, मावशीला, वहिनीला घेऊन टेम्पो भरभरून त्या टॉकीजला यायच्या. मॉर्निंग शो एकच, आणि तो सिनेमा एकच. कितीतरी जणींनी तो पंधरा-वीस वेळा पाहिला असेल.

गोष्ट साधी होती. खाणीच्या एका गावातली विधवा आई लोकांचे कपडे धुते. एकुलता एक मुलगा दूरच्या खाणीत कामाला जातो. तिथे त्याला एक मित्र मिळतो. खाण कोसळते. मित्राचा उजवा हात कायमचा जायबंदी होतो, आणि मुलगा मेल्याची तार आईला येते. वर्ष लोटतं. शेवटी एका संध्याकाळी आईच्या दारावर थाप पडते. दारात कोणी उभा आहे, पाठ आपल्याकडे, तोंड अंधारात. आई त्याच्याकडे बघत राहते, खूप वेळ, आणि मग त्याला जवळ घेते. सिनेमा संपतो.

नाना ही गोष्ट सांगायचे तेव्हा आधी हसवायचे; कॉलेजच्या वर्षांत मी दारात उभा राहून ते ऐकायचो. पडद्यावर अमेरिकन स्वयंपाकघर आलं की माईकवरून आवाज यायचा, "इतलं मोठं घर शे, पन चूल कोठेच दिखत नही." मुलगा पत्र पाठवत नाही असा प्रसंग आला की म्हणायचे, तिकडे आखाजी नाही, मग मायची आठवण कशी येईल. त्यावर एका वर्षी अंधारातून कुणी म्हातारी बोलली होती, "आठे आखाजी शे, तरी येतस नही, नाना," म्हणजे इथे आखाजी असूनही मुलं येत नाहीत, आणि सगळी टॉकीज हसली होती. पण दारावर थाप पडली की नानांचा आवाज खाली यायचा. ते थांबायचे. आई बघते आहे, बघतेच आहे… आणि मग ते सावकाश सांगायचे, "बहिनीसहोन, हाऊ तिना आंडोर नही शे. हाऊ तेना दोस्तार शे. मायले बठ्ठं मालूम शे. तरी ती तेले घरमा लेस."

हा तिचा मुलगा नाही, त्याचा मित्र आहे. आईला सगळं ठाऊक आहे. तरी ती त्याला घरात घेते. एवढ्या चार वाक्यांवर टॉकीजभर बाया पदर तोंडाशी घेऊन रडायच्या. त्यांच्यात माझी मावशीही असायची, दरवर्षी, जिन्याजवळच्या त्याच खुर्चीवर.

मी त्या घरातून बी.ए. झालो, पुण्याहून इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, जळगावला कॉलेजात लागलो. सिनेमावर लिहू लागलो. या वर्तमानपत्राच्या याच रविवार पुरवणीत माझं एक सदर काही वर्षं चाललं, वाचकांपैकी काहींना ते आठवत असेल. नानांकडे माझं जाणं कमी झालं, पण परक्या लोकांत मी त्यांची गोष्ट रंगवून सांगायचो. आमचे नाना, इंग्रजीचा गंध नाही आणि हॉलिवूडचा सिनेमा अहिराणीत सांगतात. लोक हसायचे. मला ते हसू आवडायचं. आता लिहायला लाज वाटते, पण ते कौतुक नव्हतं. त्यात मी नानांपेक्षा वर उभा होतो.

बारा वर्षांपूर्वी टॉकीज बंद करायचं ठरलं. धुळ्यातल्या काही हौशी मंडळींनी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मायना पिच्चरचा शेवटचा खेळ ठेवला आणि त्यावर दोन शब्द बोलायला जळगावहून मला बोलावलं. सिनेमाच्या अभ्यासकाला. मी आदल्या आठवड्यात तो सिनेमा घरी कॉम्प्युटरवर बघितला, पहिल्यांदाच नीट आवाजासकट. शेवटी दारातला तो माणूस स्वच्छ इंग्रजीत म्हणतो की आई, मी आलो, तुझा मुलगा. मी तीनदा ऐकलं. शंका राहिली नाही. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. बोलायला काहीतरी मिळालं म्हणून आनंद.

खेळ झाला. नानांनी नेहमीसारखाच सांगितला, नेहमीसारख्याच बाया रडल्या. मग दिवे लागले आणि मी पडद्यापुढे उभा राहिलो. मी आधी नानांची स्तुती केली. त्यानंतर म्हणालो, पण सिनेमात प्रत्यक्षात काय आहे ते आज आपण ऐकू या. केबिनकडे बघून मी नानांना शेवटचं रीळ पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी आवाज पूर्ण ठेवून. त्यांनी लावलं. त्यांनी का लावलं, हा प्रश्न मला कित्येक दिवस सतावत राहिला. नाही म्हणू शकले असते, मशीन बिघडलं म्हणू शकले असते… पण मी सांगितलं म्हणून त्यांनी लावलं. दारावर थाप पडली, तो माणूस बोलला, आणि मी त्याचं वाक्य मराठीत सांगितलं. हा मुलगाच आहे. तो मेलाच नव्हता, तार चुकीची होती. सुखान्त सिनेमा आहे हा. नानांनी आपल्या मनाने शेवट बदलला.

मला वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती. तिची लेक तिच्या शेजारी होती. ती माझ्याकडे नाही, मागे वळून केबिनच्या झरोक्याकडे बघत म्हणाली, "मंग इतला साल नाना आमले खोटं सांगे का?"

स्पीकरमधून हलकी खरखर येत होती, म्हणजे नानांचा माईक चालू होता. सगळ्या माना मागे वळल्या होत्या. त्यांनी काही बोलावं म्हणून मीही वाट पाहिली. मग टक् असा आवाज झाला आणि खरखर थांबली. त्यांनी माईक बंद केला होता. बाया उठल्या, चपला शोधू लागल्या. मावशी माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही.

रिक्षात नाना माझ्या शेजारी बसले होते. मी जरा समजावणीच्या सुरात विचारलं की नाना, तुम्ही तसं का सांगायचात? कुठे वाचलं होतं? ते रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊ, तू ऐकलंस ते खरंच असंल. मला कुठं इंग्रजी येतं. मी फक्त पाह्यत व्हतो." मी ते कबुलीजबाबासारखं घेतलं. आणि पुढच्या रविवारी या पुरवणीतल्या माझ्या सदरात 'नानांची चुकलेली माय' असा विनोदी लेख लिहिला. पुष्कळ पत्रं आली. तो लेख नानांच्या घरी पोचला की नाही ते मी विचारलं नाही. पुढे कळलं की पोचला होता. शेजारच्या बाईंनी वाचून दाखवला होता, मोठ्याने, कौतुकाने, कारण त्यात आपल्या नानांचं नाव छापून आलं होतं.

चार वर्षांपूर्वी एका चर्चासत्रासाठी मी जुन्या अमेरिकन स्टुडिओंवर वाचत होतो, तेव्हा ग्रंथालयात एका इंग्रजी नियतकालिकाच्या जुन्या अंकात मला त्या सिनेमाच्या निर्मितीची हकीकत सापडली. दिग्दर्शकाच्या म्हातारपणच्या आठवणी त्यात होत्या. मूळ पटकथेत मुलगा मरतोच. दारात येतो तो मित्र. तो प्रसंग तसाच चित्रित झाला होता, आणि आईचं काम करणाऱ्या नटीला बजावलेलं होतं की हा आपला मुलगा नाही हे तुला पहिल्या क्षणी कळतं, आणि पुढचा सगळा वेळ तू ठरवते आहेस. सिनेमा निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा ते नाराज झाले. निर्माते घाबरले. मुलाचं काम करणारा नट तोवर दुसऱ्या स्टुडिओत गेला होता, तो येईना. मग त्यांनी नवं काही चित्रितच केलं नाही. माणूस पाठमोरा होता, तोंड अंधारात होतं. त्यावर नुसता दुसऱ्याचा आवाज चढवला, आई, मी आलो, तुझा मुलगा. पडद्यावर मात्र मित्रच राहिला. दिग्दर्शक म्हणतो की ते कधीच कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी घरी येऊन सिनेमा लावला आणि आवाज बंद केला. दारातला माणूस डाव्या हाताने थाप मारतो. टोपी डाव्या हाताने काढतो. उजवा हात खिशातच. पूर्ण सिनेमाभर मुलगा उजव्या हाताने पाव कापतो, उजव्या हाताने निरोप देतो. आणि आई… आपला मुलगा असता तर ती एवढी थांबली असती का? हे सगळं तिथे होतं, उघड. मी ऐकत होतो म्हणून मला दिसलं नव्हतं. केबिनमधल्या त्या घरघरीत उभा राहून, ठिपक्याची वाट बघणाऱ्या माणसाला ते पहिल्या खेळापासून दिसत होतं.

त्याच दिवशी धुळ्याला जायला हवं होतं. मी नऊ पानं झेरॉक्स केली आणि पंधरा दिवसांनी गेलो. मावशीने चहा केला, नाना खाटेवर बसले होते, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही त्यांना धूसर दिसायचं. मी कॉलेजच्या गोष्टी केल्या, जळगावच्या उन्हाच्या गोष्टी केल्या. पिशवी पायाशी होती. सांगायचं म्हटलं तर नुसतं नाना, तुमचं बरोबर होतं, एवढ्यावर भागणार नव्हतं. त्या बायांना कोण सांगणार? तो लेख कोण मागे घेणार? पुरवणीत लिहावं लागलं असतं की मी चुकलो, आणि मी सिनेमाचा अभ्यासक. पुढच्या वेळी सांगू असं म्हणून उठलो. पुढच्या वेळीही तेच. एकदा तर पानं बाहेर काढली होती. नानांनी विचारलं, काय आणलं भाऊ? मी म्हणालो, कॉलेजचे कागद आहेत. ते म्हणाले, "वाच मग बसून. मी गप बसतो." आणि खरोखरच अर्धा तास ते गप्प बसले, मला त्रास होऊ नये म्हणून. मी त्यांच्यासमोर ती पानं चाळत राहिलो. त्यांना धूसर का होईना कागद दिसत होते… ज्यांच्यावर लिहिलं होतं की ते खोटं बोलत नव्हते.

दशक्रिया झाली, तेरावं झालं, पाहुणे गेले. मी थांबलो. तिसऱ्या प्रहरी मावशी आणि मी पुढच्या खोलीत बसलो होतो, आणि मी तिला सगळं सांगितलं. पानं तिच्यासमोर ठेवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने ती हातात घेतली, एक-एक उलटली, नीट जुळवली. मग विचारलं, "हाई तुले कव्हय मालूम पडनं?"

मी म्हणालो, चार वर्षं झाली.

"चार साल," ती म्हणाली. पानं माझ्याकडे परत सरकवली. पुढे म्हणाली, "मग मले काय सांगस, भाऊ? मी तर त्यासनंच खरं मानत व्हती. हाई त्यासले सांगाना व्हतं."

मी तिच्या पायांवर हात ठेवायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. रागाने नाही, ती तशीच उठली आणि टीव्ही लावला. कुठलीशी मालिका चालू होती. मोठ्या घरातल्या बाया एकमेकींशी तावातावाने बोलत होत्या, पण आवाज नव्हता. मला वाटलं रिमोट बिघडला असेल, म्हणून मी तो उचलला. तिने माझ्या हातातून काढून घेतला. राहू दे, या घरात असाच लागतो, म्हणाली. मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मी आलो की टीव्ही बंद केलेला असायचा.

मग तिनेच सांगितलं. टॉकीजच्या त्या सकाळनंतर नानांनी टीव्हीचा आवाज काढून टाकला. आपल्याला आवाज समजत नाही, मग कशाला ठेवायचा, असं म्हणाले. आधी ते तिला सगळं सांगायचे, ही त्याची सावत्र आई, ही खोटं रडते, हा आता घर सोडून जाणार. बातम्यासुद्धा सांगायचे. त्या दिवसापासून तेही थांबलं. आवाज नाही आणि सांगणंही नाही. बारा वर्षं दोघं संध्याकाळी या खोलीत बसून मुक्या माणसांना बघत होते. सुरुवातीला ती विचारायची, हा कोण, ती का रडते. ते म्हणायचे, मला काय माहीत. मग तिने विचारणं सोडलं.

आम्ही दोघं बघत बसलो. पडद्यावर एक तरुण माणूस घरात आला आणि एका वयस्क बाईसमोर उभा राहिला. बाईचा चेहरा जवळून दाखवला. ती काहीतरी बोलत होती, ओठ भराभर हलत होते. मावशी थोडी पुढे सरकली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"हाऊ कोण शे?" तिने विचारलं.

मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या माणसाच्या हातांकडे बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू या खोलीत या प्रश्नाला हेच उत्तर असतं, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.